पाचर कशी मारावी

चाललेल्या कामात कुणी खोडा घातला की आपण म्हणतो, ‘यानं पाचर मारली.’ शब्द लाकूडफोड्यांचा आहे. एखादा ओंडका स्वतः फोडून पाहा, त्यातली खोच नीट कळेल. आमच्याकडे सुरूचं जळण असंच फोडतात.

पाचर खैराची किंवा बाभळीची, पक्की वाळलेली घ्या. वीतभर लांब, डोक्याशी दोन बोटं जाड आणि टोकाकडे हळूहळू निमुळती. आखूड आणि बोथट असेल तर ती उसळून बाहेर येते. मऊ लाकडाची केलीत तर चार ठोक्यांत टोक कुंचल्यासारखं पिंजतं.

आता ओंडक्याचं कापलेलं तोंड बघा. वाळताना गाभ्यापासून सालीकडे चिरा गेलेल्या असतात. त्यातली सर्वांत लांब चीर धरायची. तिच्या वाटेत गाठ असेल तर सरळ दुसरी निवडा. कुऱ्हाडीने खाच पाडून पाचर उभी करा आणि हलके ठोके द्या. ती आपली आपण उभी राहिली की हात काढा, मगच मोगरीने जोर लावा. चर्रर्र आवाज येतो, चीर सालीवरून पुढे धावते. तिथे दुसरी पाचर ठोका, म्हणजे पहिली आपोआप ढिली होते. एकच पाचर असेल आणि ती अडकली, तर फट ना उघडते ना मिटते. बोलण्यातली पाचर ती हीच, असं मला वाटतं.

अडकलेली पाचर हाताने उपटू नका, फटीत बोटं घालू नका. पंचतंत्रात करटक नावाचा कोल्हा दमनक या दुसऱ्या कोल्ह्याला हेच सांगतो. देवळाच्या कामावरचे सुतार दुपारी जेवायला गेलेले, अर्जुन झाडाच्या लाकडाचा खांब अर्धा चिरलेला, मध्ये खैराची पाचर. माकडाने ती उपटली आणि फटीत चिरडून मेलं. पाचरीला खैरच हवा हे त्या कथाकाराला ठाऊक होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला तरी इलाज पाचरच. दांड्याच्या वरच्या टोकाला करवतीने चीर द्या, पातं चढवा आणि पातळ, कोरडी पाचर ठोकून वरचा भाग कापून टाका. दांडा पाण्यात भिजवून घट्ट करू नका. वाळला की तो आधीपेक्षा जास्त खेळतो आणि पातं निसटून कुणाच्या तरी अंगावर जातं.