परिस्थिती तशीच असताना आनंद कसा टिकवायचा, मला जे उपयोगी पडलं ते सांगते

सगळ्यांना सलाम. आमच्या चर्चच्या भगिनी मंडळात एका मुलीने विचारलं, ताई, बायबलमध्ये "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" असं लिहिलंय खरं, पण माझ्या घरात रोज भांडणं, डोक्यावर कर्ज, मग करायचा कसा? तेव्हा चहा आला, विषय बदलला आणि तिला नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, ते मनात टोचत होतं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माझं थोडक्यात. आम्ही कल्याणला राहतो, वन रूम किचन. अडीच वर्षांपूर्वी मिस्टरांची कंपनी बंद पडली, सात महिने घरात फक्त माझा पगार, आणि त्यातच आईंना म्हणजे माझ्या सासूबाईंना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पहाटे उठून त्यांचं सगळं करायचं, डबे भरायचे, मग लोकल पकडून फोर्टला ऑफिस. त्या काळात चर्चमध्ये कोणी हसत "प्रभूची स्तुती असो" म्हटलं की मला रडू यायचं, खरंच सांगते.

तर पहिली गोष्ट, रडायचं असेल तर आधी रडून घ्या, पण देवासमोर रडा. आपल्याकडे कुरकुर म्हणजे अविश्वास असं लहानपणापासून शिकवलं जातं, पण बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, स्तोत्रसंहिता, उघडून बघा ना, 13 वं स्तोत्र फक्त सहा ओव्यांचं आहे आणि त्यात पहिल्या दोन ओव्यांतच दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? 88 वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी एकसुद्धा गोड ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मी एक दोनशे पानी वही घेतली, 13 वं स्तोत्र हाताने लिहून काढलं आणि त्याखाली माझे "कोठवर" लिहिले, घरभाडं कोठवर, आईंचं अंथरुण कोठवर, यांचं गप्प बसणं कोठवर. ज्या दिवशी हे लिहिलं त्या दिवशी काही बदललं नाही पण किती महिन्यांनी मी देवाशी खोटं न बोलता प्रार्थना केली, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच होते, जो आनंद दुःख लपवून आणावा लागतो तो बुधवारपर्यंतसुद्धा पुरत नाही.

दुसरं, "सर्वदा आनंद करा" हे वचन ज्यातलं आहे ते फिलिप्पैकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, एका बैठकीत मोठ्याने वाचा. चारच अध्याय आहेत, पंधरा-वीस मिनिटं लागतात. आपण एकेक वचन कॅलेंडरवर वाचतो त्यामुळे हे कुठून लिहिलंय तेच विसरतो. पौल तुरुंगात होता, पुढे जगणार की मरणार हे त्याला माहीत नव्हतं. आणि ज्यांना लिहितोय त्यांच्या गावातसुद्धा तो आधी तुरुंगात पडला होता, प्रेषितांची कृत्ये 16 वा अध्याय बघा, छड्यांनी मारलं, पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला गीतं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. मग भूकंप, मग त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने यांच्या जखमा धुतल्या आणि घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतला. आता विचार करा, काही वर्षांनी हे पत्र त्या मंडळीत वाचलं गेलं तेव्हा तो अधिकारी कदाचित तिथेच बसलेला असेल. "आनंद करा" हे लिहिणाऱ्याची पाठ त्याने स्वतः धुतली होती. हे लक्षात आलं तेव्हापासून मला ते वचन हुकूम वाटत नाही.

अजून दोन गोष्टी त्याच पत्रातल्या. 2 ऱ्या अध्यायात पौलाचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी होता तो वाचला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं असं पौल सरळ म्हणतो, म्हणजे त्यालाही दुःख होतंच. आणि 4 थ्या अध्यायात तो म्हणतो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी *शिकलो* आहे. शिकलो! म्हणजे त्यालाही ते एकदम आलं नाही, मग आपल्याला वेळ लागला तर एवढं काय. आणि "प्रभूमध्ये" हा शब्द सोडून वाचू नका, पगारामध्ये, तब्येतीमध्ये असं नाहीये ते, पगार जातो, प्रभू जात नाही.

तिसरं, गा. आवाज कसाही असो. लोकलमध्ये भजनी मंडळं असतात ना, सकाळच्या गर्दीत उभं राहायला जागा नाही तरी टाळ काढून गातात, मी ते रोज बघायचे आणि मला पौल-सीला आठवायचे, मग मीही मनातल्या मनात उपासना संगीत या आपल्या गीतपुस्तकातलं एखादं गीत सुरू करायचे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं आपल्या ओव्या-अभंगांच्या चालीवर आहेत त्यामुळे पुस्तक लागत नाही, तोंडात बसतात. घरी संध्याकाळी कुकर लावताना मोठ्याने म्हणायला लागले आणि एक दिवस मागून आईंचा आवाज आला. बोलता येत नव्हतं त्यांना, "पाणी" म्हणता येत नव्हतं, पण गीताचे शब्द येत होते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले असं होतं, बोलणं गेलेल्या काही पेशंटना गाता येतं. मी मात्र गॅस बंद करून तिथेच बसले.

उपकारस्तुतीबद्दल एकच सांगते, बायबलमध्ये सर्व स्थिती*त* उपकार माना असं लिहिलंय, त्या स्थिती*बद्दल* नाही. आजारासाठी थँक्यू म्हणायची जबरदस्ती स्वतःवर करू नका. रोज वहीत एकच ओळ पण नेमकी, "शेजारच्या काकूंनी दुपारी आईंना पेज भरवली", अशी.

एकटं राहू नका हे सगळ्यात कठीण, कारण पैसे नसले की आपण चर्चलाच जात नाही, लाज वाटते. मी पाच रविवार गेले नव्हते. शेवटी पाळकसाहेबांना फोन करून जे आहे ते सांगितलं, तेव्हापासून दर शुक्रवारी प्रार्थना आमच्याच घरी व्हायला लागली, आठ माणसं त्या एका खोलीत. आणि तुम्ही कोणाच्या घरी जाणार असाल तर हात जोडून विनंती, गेल्या गेल्या वचन सांगू नका. डबा घेऊन जा, भांडी घासा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा हेही वचनच आहे.

आणि झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता (1 राजे 19), देव त्याला ओरडला नाही, त्याने भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवू घातलं. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलता येतं, नंबर सेव्ह करून ठेवा.

टिकतो का हा आनंद, असं मला विचारतात तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला, पदरात लहान मनोरमा. 1889 मध्ये याच मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन. 1921 मध्ये मनोरमाही गेली, आणि त्याही दुःखात मूळ हिब्रू-ग्रीकमधून मराठी बायबलचं भाषांतर करायचं काम त्यांनी सोडलं नाही, 1922 मध्ये त्या गेल्या.

आमचं म्हणाल तर मिस्टरांना काम मिळालंय, आधीपेक्षा कमी पगाराचं. आई अजून अंथरुणावरच आहेत. शुक्रवारी सगळे जमले की पहिलं गीत कुठलं ते त्याच सुरू करून सांगतात.