घरी चाइल्डमाइंडर होताना: इंग्लंडमधील नोंदणीतल्या या चुका टाळा

इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालील मुलांना स्वतःच्या घरी दिवसाला दोन तासांहून अधिक काळ मोबदला घेऊन सांभाळायचे असेल, तर ऑफस्टेडकडे (बालसंगोपन आणि शाळांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) किंवा एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मैत्रिणीचेच मूल आहे, म्हणून नोंदणी हाती येण्याआधी काम सुरू करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मोबदला पैशांऐवजी वस्तूरूपाने घेतला तरी या नियमातून सुटका होत नाही.

अर्ज अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे घरातली मंडळी तो एकट्या अर्जदाराचा मानतात. प्रत्यक्षात घरात राहणाऱ्या 16 वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी, करावी लागते. पतीने नोकरीसाठी काढलेले डीबीएस इथे बहुधा चालत नाही, कारण या कामासाठी वर्धित (एन्हान्स्ड) स्वरूपाची आणि घरातून चालणाऱ्या कामाची नोंद असलेली तपासणी लागते. प्रमाणपत्र जारी झाल्यापासून 30 दिवसांत डीबीएसच्या अपडेट सेवेत (प्रमाणपत्र अद्ययावत ठेवणारी ऑनलाइन सेवा) नाव घालायचे राहून गेले, तर पुन्हा सगळे पहिल्यापासून करण्याची वेळ येऊ शकते. गेल्या पाच वर्षांत भारतात वास्तव्य झाले असल्यास तिथल्या पोलिसांचे प्रमाणपत्रही लागते. ते यायला वेळ लागत असल्याने अर्जाच्या आधीच त्याच्या मागे लागावे.

आपल्याकडे आई-वडील किंवा सासू-सासरे काही महिने मुक्कामाला येतात. अशा मुक्कामाची कल्पना ऑफस्टेडला आधी द्यावी आणि तपासणी न झालेल्या व्यक्तीजवळ सांभाळायची मुले पाच मिनिटेही एकटी सोडू नयेत. हे बोलणे तिकिटे काढण्यापूर्वी झालेले बरे, म्हणजे आजी-आजोबांना अवघडल्यासारखे होणार नाही.

मुलांच्या संख्येचा हिशेबही अनेकांचा चुकतो. एका वेळी आठ वर्षांखालील जास्तीत जास्त सहा मुले सांभाळता येतात. त्यांपैकी लहान वयोगटातील (साधारण पाच वर्षांपर्यंतची) तीन आणि एक वर्षाच्या आतले साधारणपणे एकच. या आकड्यांत स्वतःची मुलेही धरली जातात. आपले चार वर्षांचे आणि दहा महिन्यांचे अशी दोन मुले घरी असतील, तर लहान गटात एरवी एकच जागा उरते. भावंडांसाठी आणि स्वतःच्या बाळासाठी सवलत आहे, पण सगळ्यांच्या गरजा नीट भागतील हे दाखवून देता आले पाहिजे.

प्रथमोपचाराचा सहा तासांचा छोटा कोर्स पुरत नाही. बाळे आणि लहान मुलांसाठीचा किमान 12 तासांचा पूर्ण कोर्स नोंदणीपूर्वी करावा लागतो आणि दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. भाड्याच्या घरासाठी घरमालकाची लेखी परवानगी आणि कामासाठी विमा या गोष्टीही वेळेत उरकाव्यात.

निरीक्षक घर पाहायला येण्याआधी गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून प्रत्येक खोली पाहावी. देवघरातली पेटती समई, उशाशी ठेवलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, सिंकखालचा डिटर्जंट हे सगळे तेव्हाच नजरेत भरते. खाऊच्या डब्यातले अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरून चार फोडी कराव्यात. भेटीत कागदपत्रांइतकाच भर मुलांच्या संरक्षणावर असतो: मुलाच्या अंगावर संशयास्पद वळ दिसला तर कोणाला आणि केव्हा फोन कराल, याचे उत्तर स्थानिक बालसंरक्षण यंत्रणेच्या नावासकट देता आले पाहिजे.

नोंदणी मिळाल्यावरही घरातला बदल कळवणे थांबत नाही. नवे माणूस राहायला आले किंवा आपलाच मुलगा 16 वर्षांचा झाला, तर ते लवकरात लवकर, उशिरात उशिरा 14 दिवसांच्या आत कळवावे.