एसटीच्या फेरीसाठी अर्ज करताय? आधी गावाचा आकडा नीट काढा

"आमच्या गावाची लोकसंख्या अंदाजे दोन हजार असून गावकऱ्यांची फार गैरसोय होते." विदर्भातल्या कुठल्याही आगारात असे अर्ज ढिगाने सापडतील. यातला "अंदाजे" हा शब्द आधी खोडा. ग्रामसभेचा ठराव, सरपंचांची सही, लेटरहेड हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. अर्ज अडतो तो आकड्यावर.

अधिकृत आकडा अजूनही २०११च्या जनगणनेचाच चालतो. २०२१ची जनगणना झालीच नाही आणि पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. जनगणनेच्या संकेतस्थळावर जिल्हा जनगणना पुस्तिका फुकट मिळते. ती उतरवून घ्या.

आता अवघड भाग. मला सुरुवातीला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागायचा. जनगणना मोजते मौजा, म्हणजे महसुली गाव, ग्रामपंचायत नाही. तुमची गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यातल्या तीन-चार मौजांचे आकडे पुस्तिकेत वेगवेगळ्या ओळींत असतात. टोली किंवा कोलामांचा पोड, म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती, सहसा मूळ मौजातच मोजलेला असतो, त्याची वेगळी ओळ शोधत बसू नका. शिवाय खैरी, सावंगी, वडगाव ही नावं तर तालुक्या-तालुक्यांत आहेत, त्यात बुद्रुक आणि खुर्द वेगळे. एखाद्या ओळीत वस्तीच नाही अशी नोंद दिसली तर घाबरू नका, ती रिठी, म्हणजे उजाड गाव असते. म्हणून नावावर मुळीच विसंबू नका. तालुका जुळवा, सातबाऱ्यावरचं मौजाचं नाव जुळवा, शेजारच्या गावांच्या ओळी बघा आणि मग गावाचा सहा अंकी कोड अर्जात लिहा. कोड लिहिला की वाद संपतो.

आजचा आकडा दाखवायचा मोह होतोच. मतदारयादीत फक्त १८ वर्षांवरचे असतात आणि अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये लहान मुलं. त्यांची बेरीज करून "लोकसंख्या" म्हणून लिहू नका. हवं तर "मतदार इतके" अशी वेगळी ओळ द्या.

दळणवळणाची माहिती मात्र पुस्तिकेतून जशीच्या तशी उचलू नका. तिथे सोय गावात नसेल तर अंतराच्या जागी a, b, c अशी अक्षरं असतात: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या वर. तेवढ्याने काहीच कळत नाही. शिवाय ती माहिती २०११च्या काळातली. कारंजा-दारव्हा पट्ट्यातल्या गावाला जवळचं स्टेशन दाखवलं असेल, पण तिथली शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी कधीच बंद पडली आहे. फाट्यापर्यंतचं अंतर मोटारसायकलच्या मीटरवर मोजा. रस्ता इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आहे की ग्रामा (ग्रामीण मार्ग), हे बांधकाम विभागाकडून विचारून लिहा. मधल्या नाल्यावर पूल आहे की रपटा (पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा फरशी पूल) आणि पुरात रस्ता किती वेळ बंद राहतो, हेही लिहा. रपट्याची गोष्ट लपवू नका. चालक पहिल्याच पावसात गाडी परत नेतो आणि मग ती फेरी कायमची जाते.

फेरी चालते भारमानावर, म्हणजे गाडीत किती जागा भरतात त्यावर. त्यामुळे माझ्या मते अर्जातली सगळ्यात वजनदार ओळ लोकसंख्येची नसून विद्यार्थ्यांची आहे. पाचवी ते बारावीची किती मुलं-मुली तालुक्याच्या शाळेत जातात, त्यांची शाळेकडून शिक्क्यानिशी यादी घ्या. या वर्गांतल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, तो आकडा वेगळा दाखवा. शाळेची वेळ आणि आठवडी बाजाराचा वार द्या. सध्या काळीपिवळी किंवा ऑटो किती वाजता मिळतो आणि एका सीटला किती घेतो, तेही लिहा.

अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि मे महिन्यातच द्या: आपल्याकडे विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात, तोवर वेळापत्रकात फेरी बसवायला त्यांना वेळ मिळतो.