सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी हालचालींचे व्हिडिओ गेम घरी कसे वापरावेत

सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलाच्या अंगवळणी एखादी हालचाल पाडायची, तर ती शेकडो वेळा करून घ्यावी लागते, आणि ‘अजून दहा वेळा हात वर कर’ या सूचनेला मूल किती लवकर कंटाळते, हे प्रत्येक पालकाला ठाऊक असते. पडद्यावरचा चेंडू टोलवण्यासाठी मात्र तेच मूल तोच हात आनंदाने उचलते. या गेमचा उपयोग नेहमीच्या फिजिओथेरपीला जोड म्हणून होतो, तिच्याऐवजी नव्हे. ‘गेम लावून द्या, मूल खेळता खेळता सुधारेल’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे, कारण यंत्र गुण मोजते. ते गुण कोणत्या हालचालीने मिळाले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आधी फिजिओथेरपिस्टशी बोलून एकच उद्दिष्ट ठरवावे; उदाहरणार्थ, डावा कोपर सरळ करून हात पुढे नेणे. या मुलांमध्ये अपस्माराचे प्रमाण बरेच असते, म्हणून मुलाला फिट येत असतील तर लुकलुकणाऱ्या प्रकाशाबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय गेम सुरू करू नये. शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा खुब्याचा सांधा सरकत असेल, तर उभे राहून खेळण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी.

यंत्र महागडे असण्याची गरज नाही. 2006 साली आलेले निन्टेन्डो वी हातातल्या रिमोटची हालचाल ओळखते, त्याचा बॅलन्स बोर्ड पायांवरचा भार ओळखतो, तर 2010 सालचा मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट कॅमेऱ्याच्या साहाय्याने सांधे ओळखतो. आता यांचे उत्पादन होत नाही, पण वापरलेला संच घरच्या कामाला पुरतो.

बसून खेळणाऱ्या मुलाचे खुबे आणि गुडघे काटकोनात असावेत. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते, आणि या टप्प्याशी मी सर्वांत जास्त काळ झगडले आहे. डाव्या बाजूला हेमिप्लेजिया, म्हणजे शरीराच्या एकाच बाजूचा दुबळेपणा, असलेली मुलगी टेनिस खेळत असेल तेव्हा पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघा. रिमोट डाव्या हातात असतो, पण कोपर दुमडून बरगडीला चिकटलेला असतो, खांदा कानाकडे चढलेला असतो आणि फटका मारला जातो तो सगळे धड कमरेतून फिरवून. सेन्सरला झटका मिळाला की फटका बसतो, गुण वाढतात, घरचे टाळ्या वाजवतात. आणि जी सवय मोडायची होती तीच पक्की होत जाते.

यावर ‘सरळ बस, हात लांब कर’ असे सतत बजावणे हा उपाय नव्हे, त्याने मूल फक्त चिडते. चुकीच्या हालचालीला वावच राहणार नाही, अशी मांडणी करावी लागते. धड फिरत असेल तर पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसवून छातीभोवती रुंद, मऊ पट्टा सैलसर बांधावा. हात जिथवर पोचायला हवा तिथे मोठ्या माणसाने आपला तळहात धरावा, आणि रिमोट त्या तळहाताला लागला तरच फटका खरा मानायचा, हे मुलाशी आधीच ठरवून घ्यावे. टेनिसपेक्षा बोलिंग, म्हणजे चेंडू घरंगळत सोडून समोरच्या पिना पाडण्याचा खेळ, मला अधिक पसंत आहे, कारण तिथे चेंडू मुलासाठी थांबतो, आणि तो सोडताना रिमोटचे बटण सोडावे लागते. आवळलेली बोटे उघडणे हेच तर या हाताचे सर्वांत अवघड काम असते. ज्या मुलाला ते अजिबात जमत नाही, त्याला मात्र बोलिंग देऊ नये.

कायनेक्टसमोर मुलाला मागून धरून बसल्यास कॅमेऱ्याचा गोंधळ होतो आणि तो दोघांचे हात एकमेकांत मिसळतो, म्हणून आधार बाजूने, कमरेजवळ द्यावा. बॅलन्स बोर्डासमोर घट्ट धरता येईल असा कठडा किंवा जड टेबल हवेच.

उत्साहाने स्नायूंचा ताठरपणा वाढतो, ही गोष्ट बहुतेक सल्ल्यांमधून सुटते. दुसऱ्या हाताची मूठ वळली, टाचा उचलल्या गेल्या, मांड्या एकमेकींवर चढू लागल्या, की गुण कितीही चांगले असले तरी गेमची पातळी खाली आणावी. याच कारणाने भावंडाशी स्पर्धा लावण्याला माझा ठाम विरोध आहे. पाळीपाळीने खेळू द्यावे.

एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. दुखले किंवा मूल दमले तर त्याआधीच थांबावे. गेम बंद केल्यावर लगेच तीच हालचाल घरच्या एखाद्या कामात करून घ्यावी, जसे की समोरच्या फळीवरचा डबा दुबळ्या हाताने काढणे. मूल खेळत असताना अधूनमधून मोबाइलवर त्याचे समोरून आणि बाजूने चित्रीकरण करावे, आणि थेरपिस्टना ते दाखवल्यानंतरच पुढची पातळी उघडावी.