नाताळला आमच्याकडे येताना

वसईत आमच्याकडे नाताळला यायचं, तर २४ च्या रात्रीच्या मिस्सेलाच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेलाच या. देव मानत नसलात तरी या. माझा धाकटा दीरही मानत नाही, पण येशूजन्माच्या देखाव्याचा घरचा गोठा दरवर्षी तोच बांधतो, पेंढा स्वतः पसरतो. गव्हाण रिकामी दिसेल. बाळ येशू मध्यरात्रीच ठेवतात.

आमच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत असते. सगळे उठले की उठा. गुडघे नाही टेकलेत तरी चालतं. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या रांगेत मात्र जाऊ नका. आम्हां कॅथलिकांसाठी ती भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे, प्रसाद म्हणून घ्यायचं नसतं. बाकावरच बसा, पाय आत घ्या म्हणजे इतरांना बाहेर पडता येईल.

भेटवस्तू नको. सकाळी नेवऱ्या खायला या, रिकामा डबा घेऊन.