सीक्वलचे प्रीव्ह्यू आणि त्यावरचा गदारोळ कसा वाचावा

आवडत्या गेमचा पुढचा भाग जाहीर झाला की वाट बघणं सुरू होतं, आणि हे वाट बघणं कधी कधी वर्षानुवर्षं चालतं. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर झाला आणि लोकांच्या हातात पडला 4 सप्टेंबर 2025 रोजी. मधल्या काळात चाहत्यांकडे असतं काय? दोन-चार व्हिडिओ, एखाद्या प्रदर्शनातला डेमो, पत्रकारांचे प्रीव्ह्यू (गेम येण्याआधी त्याचा थोडा भाग बघून किंवा खेळून लिहिलेले लेख) आणि त्या सगळ्यावर उसळलेल्या प्रतिक्रिया. कुणी म्हणतं मालिका संपली, कुणी म्हणतं आजवरचा सर्वोत्तम भाग येतोय. गेम मात्र दोघांनीही खेळलेला नसतो.

या गोंधळातून उपयोगाचं तेवढं वेचून काढता येतं. प्रीव्ह्यूवर माणसं जे बोलतात त्यात नवा गेम थोडा आणि जुन्या भागाची आठवण फार असते, एवढं धरून चाललात की पुढची वाट सोपी होते.

आधी बघा, दाखवलंय काय

व्हिडिओ लागला की पहिला प्रश्न हाच: हे खेळताना दिसणारं दृश्य आहे की वेगळं बनवलेलं? ट्रेलरच्या सुरुवातीला किंवा तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. चित्रं गेमच्या इंजिनमधली (गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यातली) आहेत, प्रत्यक्ष खेळतानाची आहेत, की काम अजून चालू असताना घेतलेली आहेत, हे तिथे सांगितलेलं असतं. ती ओळ व्हिडिओ थांबवून वाचा. ती नसेल तर जे दिसतंय ते गेममध्ये तसंच असेल असं धरू नका.

याचं जुनं आणि ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘किलझोन 2’. 2005 च्या ई-3 प्रदर्शनात त्याचा व्हिडिओ दाखवला गेला आणि लोक थक्क झाले. तो गेम चालवून टिपलेला नव्हता. गेम पुढेमागे असा दिसावा, या कल्पनेवर आधीच तयार केलेलं ते चित्रण होतं. पुढे ते उघड झालं आणि वाद पेटला. गेम आला 2009 मध्ये, आणि चांगला दिसला. तरी मधली चार वर्षं त्याची प्रत्येक झलक त्या एका व्हिडिओशी ताडून बघितली गेली.

ट्रेलरचा सूर आणि गेमचा सूर यांचंही असंच. जून 2024 मध्ये ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’चा पहिला ट्रेलर आला तेव्हा त्यातला चटपटीत, हलकाफुलका बाज बघून जुने चाहते बिथरले. दोनच दिवसांत सलग गेमप्ले, म्हणजे प्रत्यक्ष खेळतानाचं चित्रण, दाखवला गेला. तो बराच गंभीर होता, आणि वातावरण निवळलं. गेम 31 ऑक्टोबरला आला. पुढे प्रकाशक ईएने सांगितलं की त्या तिमाहीत सुमारे 15 लाख खेळाडू मिळाले, आणि हा आकडा अपेक्षेच्या जवळजवळ निम्म्याने कमी होता. म्हणजे पहिल्या दिवसाचा संताप ट्रेलरवरचा होता आणि तिसऱ्या दिवसाचा दिलासा एका निवडक तुकड्यावरचा. गेमचं पुढे काय होणार, याचा पत्ता दोन्हींतून लागला नसता.

मग बघा, कुणाला किती खेळायला मिळालं

प्रीव्ह्यू वाचताना मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवतो, कारण खरी माहिती इथेच असते.

प्रीव्ह्यू तयार होतो तो असा. प्रकाशक काही पत्रकारांना आणि युट्यूबर मंडळींना बोलावतो, ठरलेला भाग ठरलेला वेळ खेळू देतो आणि एम्बार्गो घालतो, म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही. त्यामुळे वीस ठिकाणचे वीस लेख एकाच मिनिटाला झळकतात आणि सगळं जग एकदम या गेमबद्दल बोलतंय असं वाटतं. लेखासोबतचा व्हिडिओ बरेचदा प्रकाशकानेच पुरवलेला असतो, म्हणून सगळीकडे तीच मारामारी आणि तोच सूर्यास्त दिसतो. शितावरून भाताची परीक्षा करायची हे खरं, पण इथे शीत स्वयंपाक्यानेच निवडून पुढे केलेलं असतं.

लेखात पहिल्यांदा हे शोधा: लेखक स्वतः खेळला की दुसऱ्याला खेळताना बघून आला? किती तास? सुरुवातीचा भाग की मधला? कोणत्या यंत्रावर, पीसीवर की कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर)? ‘आम्हाला एक मोहीम खेळायला मिळाली’ असं वाक्य असेल तर त्या मोहिमेबाहेरचं सगळं लेखकालाही अंधारातच आहे. ‘खुलं जग प्रचंड आहे असं आम्हाला सांगण्यात आलं’ यातला ‘सांगण्यात आलं’ हा भाग अधोरेखित करा. ती स्टुडिओची माहिती आहे, लेखकाचा अनुभव नाही. ‘क्षमता दिसते’, ‘जमून आलं तर’, ‘अंतिम आवृत्तीत सुधारेल अशी आशा आहे’ अशी वाक्यं आली की थांबा. लेखकाला काहीतरी खटकलंय आणि गेम अपुरा असल्यामुळे तो सांभाळून बोलतोय.

हे सांभाळून बोलणं लबाडीचं नसतं. अपुऱ्या कामावर शेवटचा शिक्का मारू नये, हा संकेत योग्यच आहे. पण सोबत एक दडपणही असतं, आणि ते वाचकाला ठाऊक असायला हवं. 2015 मध्ये कोटाकू या गेमविषयक संकेतस्थळाने उघडपणे लिहिलं की ‘फॉलआउट 4’ आणि एका ‘असॅसिन्स क्रीड’ गेमची माहिती वेळेआधी छापल्यावर बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या त्यांच्या प्रकाशकांनी कोटाकूशी बोलणं आणि प्रती पाठवणं बंद केलं होतं. प्रवेशाचं दार दुसऱ्याच्या हातात असेल तर लेखणी जपून चालते.

पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओंची गोष्ट वेगळी, आणि ती जास्त गंभीर आहे. ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डर’साठी वॉर्नर ब्रदर्सने युट्यूबरांना पैसे दिले होते आणि ते प्रेक्षकांना नीट सांगितलं गेलं नाही, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. 2016 मध्ये ते प्रकरण समझोत्याने मिटलं. म्हणून व्हिडिओखालचा मजकूर उघडून प्रायोजकाचा उल्लेख आहे का, ते बघायची सवय लावून घ्या.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रीव्ह्यूमधलं कौतुक स्वस्त आणि शंका महाग धरायची. चार वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांचं न वाचता, एकच खोट दाखवली असेल तर प्रीव्ह्यूच्या सगळ्या हंगामात त्याहून भरवशाची माहिती तुम्हाला मिळणार नाही.

चाहत्यांचा राग कसला आहे ते ओळखा

रागाचे ढोबळ दोन प्रकार असतात. पहिला, ‘हा आमचा गेम राहिला नाही’. दुसरा, ‘हे काम कच्चं आहे’. दोन्ही एकाच आवाजात ओरडले जातात, म्हणून सरमिसळ होते.

पहिल्या प्रकाराचं नमुनेदार उदाहरण ‘झेल्डा’चं. ऑगस्ट 2000 मध्ये निन्टेंडोने आपल्या नव्या गेमक्यूब कन्सोलची ताकद दाखवायला मालिकेचा नायक लिंक आणि खलनायक गॅनन यांच्या तलवारबाजीची वास्तववादी झलक दाखवली. पुढचा झेल्डा असाच असणार, असं लोकांनी मनाशी धरलं. वर्षभराने दिसला तो मोठ्या डोळ्यांचा, कार्टूनसारखा लिंक. चाहत्यांनी त्याला चिडवायला नावं ठेवली. तोच ‘विंड वेकर’ डिसेंबर 2002 मध्ये जपानमध्ये आला, फामित्सू मासिकाने त्याला 40 पैकी 40 गुण दिले, आणि आज त्याची चित्रशैली मालिकेतल्या सर्वांत टिकाऊ शैलींपैकी एक मानली जाते. तो राग खोटा नव्हता. तो स्वतःच्या मनातल्या, कधीच न बनलेल्या गेमच्या विरहाचा होता.

पण म्हणून अशा रागाकडे दुर्लक्षही करू नका. 2010 मध्ये कॅपकॉमने ‘डेव्हिल मे क्राय’चा नवा अवतार दाखवला. काम निन्जा थिअरी या दुसऱ्या स्टुडिओकडे, आणि नायक दान्तेचे पांढरे केस काळे झालेले. चाहते भडकले. जानेवारी 2013 मध्ये गेम आला तेव्हा समीक्षकांनी त्याचं चांगलं स्वागत केलं, तरी विक्री कॅपकॉमच्या अपेक्षेपेक्षा कमी राहिली, आणि मार्च 2019 मधला पाचवा भाग पुन्हा जुन्या दान्तेकडे गेला. इथे गेम चांगला होता आणि चाहत्यांचं दुखणंही खरं होतं. ‘आमचा गेम राहिला नाही’ या तक्रारीवरून गेमचा दर्जा कळत नाही. जुन्या भागातलं नेमकं काय तुम्हाला हवं होतं, ते कळतं. त्या तक्रारदारांत तुम्ही बसता का, एवढं स्वतःला विचारा. बसत नसाल तर पुढे चला.

दुसऱ्या प्रकारचा राग लगेच तपासता येतो, कारण तो बोट ठेवून दाखवतो. 23 जुलै 2020 रोजी ‘हेलो इन्फिनिट’चा गेमप्ले आला आणि एका ब्रूट शत्रूच्या निर्विकार चेहऱ्याचं चित्र थांबवून लोकांनी त्याला ‘क्रेग’ म्हणायला सुरुवात केली. मीम हसण्यावारी गेलं, पण त्यामागची टीका नेमकी होती: प्रकाशयोजना सपाट, पृष्ठभाग प्लास्टिकसारखे, दूरच्या वस्तू अचानक उगवतात. तांत्रिक विश्लेषण करणाऱ्यांनीही हेच मुद्दे फोड करून मांडले, आणि स्टुडिओनेही यातलं बरंच मान्य केलं. तीन आठवड्यांच्या आत, 11 ऑगस्टला, गेम पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. नव्या एक्सबॉक्स कन्सोलसोबत यायचा तो गेम 8 डिसेंबर 2021 ला आला. इथे चाहत्यांची नजर बरोबर होती, आणि वेळेवर बोलल्याचा गेमला फायदाच झाला.

आवाजाच्या चढाओढीवरून मात्र महत्त्व ठरवू नका. ‘डायाब्लो 3’ जून 2008 मध्ये पॅरिसला जाहीर झाला तेव्हा मोठा वाद रंगांवर झाला. चित्रं फार उजळ आहेत म्हणून सह्यांची मोहीम निघाली, चाहत्यांनी ती चित्रं स्वतः काळवंडून दाखवली. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने उत्तर दिलं की तसं केलं तर खेळताना गर्दीत राक्षस वेगळे ओळखू येत नाहीत. मे 2012 मध्ये गेम आला तेव्हा रंगांचं कुणाला फारसं सुचलं नाही. सतत इंटरनेट लागणाऱ्या गेमचा सर्व्हर पहिल्याच दिवशी कोलमडला आणि ‘एरर 37’ बघत लोक बसून राहिले. खऱ्या पैशांचं लिलावघर, म्हणजे गेममधल्या वस्तू खरे पैसे देऊन-घेऊन विकायची सोय, तर खेळाचा तोलच बिघडवतंय म्हणून मार्च 2014 मध्ये बंद करावं लागलं. या दोन्ही गोष्टी ऑगस्ट 2011 मध्येच सांगून झालेल्या होत्या. मला या प्रकरणातून एक कायमचा निकष मिळाला: गेम कसा दिसतो यापेक्षा तो कसा चालतो, पैसे कुठे मागतो आणि कशावर अवलंबून आहे, या तक्रारी आधी वाचायच्या.

थांबवलेल्या फ्रेमवरून आणि लीकवरून निकाल लावू नका

2018 मध्ये ‘स्पायडरमॅन’च्या एका दृश्यात जमिनीवरचं पाणी आधीपेक्षा कमी दिसलं म्हणून ग्राफिक्सचा दर्जा उतरवल्याचा गवगवा झाला. तो बनवणाऱ्या इन्सोम्नियाक स्टुडिओने सांगितलं, फक्त डबक्याचा आकार बदललाय. गेम आला आणि तो सुरेखच दिसत होता.

लीकचं तर याहून वाईट. सप्टेंबर 2022 मध्ये ‘जीटीए 6’च्या विकासातले सुमारे 90 व्हिडिओ चोरीला जाऊन फुटले. हे काय ग्राफिक्स, म्हणून काहींनी नाकं मुरडली. तेव्हा इतर स्टुडिओंतल्या गेम बनवणाऱ्यांनी आपापल्या नावाजलेल्या गेमची सुरुवातीची चित्रं टाकली. करडे ठोकळे, रंग नसलेल्या भिंती, हात पसरून घसरणारी माणसं. विकासातला गेम असाच दिसतो.

आपले प्रश्न आधी लिहून ठेवा

पहिला ट्रेलर येण्याआधी दोन-तीन ओळी लिहा: मागच्या भागात मला काय आवडलं, काय सहन केलं, आणि कोणती एक गोष्ट बदलली तर मी हा भाग घेणार नाही. हंगामभर फक्त या ओळींची उत्तरं शोधा. लढाई आवडत असेल तर संवादांवरच्या भांडणात संध्याकाळ घालवायचं कारण उरत नाही.

शेवटच्या आठवड्यात काय बघायचं

आता परीक्षणं येऊ लागतात. ती कोणत्या यंत्रावर खेळून लिहिली आहेत ते बघा. डिसेंबर 2020 मध्ये ‘सायबरपंक 2077’च्या आधी मिळालेल्या प्रती पीसीच्या होत्या, आणि समीक्षकांना सुरुवातीला स्वतः टिपलेला व्हिडिओ दाखवायची मुभा नव्हती. जुन्या कन्सोलवरची दुरवस्था गेम विकत घेणाऱ्यांनाच आधी कळली. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. तुमच्या यंत्रावरचं परीक्षण दिसत नसेल तर थांबा.

परीक्षणं वेळेआधी आली नाहीत म्हणजे काळंबेरंच आहे, असंही नाही. सिल्कसाँगच्या प्रती समीक्षकांना आधी दिल्याच नव्हत्या. सगळ्यांनी एकाच दिवशी खेळायला सुरुवात केली.

वापरकर्त्यांचे गुण पहिले दोन दिवस बघूच नका. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ 19 जून 2020 ला आला आणि वीसेक तासांच्या त्या गेमला काही तासांतच हजारोंनी शून्य देऊन टाकलं, कारण कथेचे तुकडे एप्रिलमध्येच फुटले होते. त्यानंतर परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाने नवा गेम आल्यावर 36 तास वापरकर्त्यांचे गुण घ्यायचे नाहीत असा नियम केला.

आणि आगाऊ पैसे भरलेच असतील तर परताव्याची मुदत बघून ठेवा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम येण्याआधी केव्हाही पैसे परत मागता येतात. आल्यानंतर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. घेतल्यावर पहिल्याच बैठकीत तुमच्या लिहून ठेवलेल्या प्रश्नांकडे जा, सुरुवातीचे सिनेमे बघण्यात ते दोन तास संपू देऊ नका.