शिक्षकांच्या अभ्यासगटासाठी निधी कसा मिळवावा

प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये व्यक्त केलेली आहे. हे तास बहुधा वरून ठरून आलेल्या प्रशिक्षणांत आणि दीक्षा या शासकीय शिक्षण ॲपवरील अभ्यासक्रमांत भरून निघतात. परंतु एका केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका समूहातील, दहा-पंधरा शिक्षकांनी आपल्याच वर्गातील एखादी अडचण हाती घ्यावी, वर्षभर ठरावीक दिवशी एकत्र बसावे, एकमेकांचे पाठ पाहावेत आणि त्यावर मोकळेपणाने बोलावे, यासाठी शाळेच्या हिशेबात कोणतेही लेखाशीर्ष नसते. दरमहा केंद्रातील शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, होते खरी. पण तिचा किती वेळ परिपत्रके वाचण्यात आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचनांत जातो, हे तिथे बसणाऱ्यांना सांगायला नको. अभ्यासगटाचा खर्च मोठा नसतो, मात्र तो सभासदांच्या खिशातून होत राहिला तर गट फार काळ टिकत नाही. हा निधी बाहेरून रीतसर कसा मिळवावा, हे जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकांना समोर ठेवून येथे मांडले आहे.

आधी वर्गातला प्रश्न

निधी शोधण्यापूर्वी गटाने आपला प्रश्न निश्चित करावा, आणि तो मुलांच्या वहीतून निघालेला असावा. ‘शिक्षकांचे सक्षमीकरण’, ‘गुणवत्ता विकास’, ‘आनंददायी अध्ययन’ हे शब्द प्रत्येक प्रस्तावात असतात, त्यामुळे निधी देणाऱ्याच्या मनावर त्यांचा काहीच ठसा उमटत नाही. याउलट पुढील उदाहरण पाहावे. तिसरी-चौथीच्या मुलांना 503 वजा 278 हे गणित दिले, तर अनेक वह्यांत 375 असे उत्तर सापडते. मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो : आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेले सात, पाचातून दोन गेले तीन. ही चूक निष्काळजीपणाची नाही; मुलाने स्वतःपुरता एक नियम तयार केला आहे आणि तो तो काटेकोरपणे पाळतो आहे. मध्ये शून्य आले की हातच्यासाठी शतक मोडून त्याचे दशक आणि त्यातील एका दशकाचे सुटे करावे लागतात, ही कल्पना त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. केंद्रातील पाच शाळांच्या वह्या गोळा करून ही चूक किती मुलांकडून होते याची मोजणी केली, तर प्रस्तावाचा पहिला परिच्छेद आपोआप तयार होतो, आणि वर्षअखेरीस काय मोजायचे हेही त्यातच ठरून जाते.

प्रश्न ठरल्यावर गट नेमके काय करणार, हे ठरवावे. ‘तज्ज्ञांची व्याख्याने’ हे उत्तर सोपे आहे, पण त्यातून वर्गात फारसे काही बदलत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जपानमधील शाळांत फार पूर्वीपासून चालत आलेली पाठ-अभ्यासाची पद्धत आपल्याकडे सहज जमण्यासारखी आहे. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यांतील एक जण तो प्रत्यक्ष वर्गात घेतो, इतर जण मागे बसून मुले काय बोलतात आणि काय लिहितात याच्या नोंदी घेतात, मग चर्चा होऊन पाठ सुधारला जातो आणि दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो. निरीक्षण मुलांचे असते, शिक्षकाचे नसते, हे गटात पहिल्याच बैठकीत स्पष्ट केलेले बरे. नाही तर ‘तपासणी’ची सवय झालेले शिक्षक आपला वर्ग इतरांसाठी उघडतच नाहीत. देशातही अशा कामाची उदाहरणे आहेत. राजस्थान, उत्तराखंड आणि कर्नाटकातील काही जिल्ह्यांत अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पाठबळावर सरकारी शिक्षकांचे स्वैच्छिक मंच शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीच्या दिवशी भरत आले आहेत. आपल्या प्रस्तावात अशा प्रयत्नांचा एखाद्या ओळीत उल्लेख करावा. हे काम कुठे तरी चालते आहे, हे समजले की वाचणाऱ्याला धीर येतो.

निधी कोणाकडे मागावा

शासकीय मार्गापासून सुरुवात करावी, पण त्यावर भिस्त ठेवू नये. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळत, ते अनेकांना आठवत असेल. 2018 मध्ये समग्र शिक्षा ही योजना सुरू झाल्यापासून शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. 31 ते 100 पटाच्या शाळेसाठी 25,000 रुपये आणि 101 ते 250 पटासाठी 50,000 रुपये ही त्याची कमाल मर्यादा आहे. या रकमेतून वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू-कागद आणि स्वच्छता भागवता भागवता मुख्याध्यापकांच्या नाकी नऊ येतात, त्यामुळे अभ्यासगटासाठी तिच्याकडे पाहणे व्यर्थ आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपले डाएट, पैशापेक्षा वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे : तेथील अधिव्याख्याते कृतिसंशोधनाचा, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातील प्रश्नावर करायच्या अभ्यासाचा, आराखडा तपासून देऊ शकतात, आणि त्यांचे शिफारसपत्र सोबत असेल तर बाहेरचा निधी देणारा प्रस्तावाकडे अधिक विश्वासाने पाहतो.

खरा वाव कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत, म्हणजे सीएसआरमध्ये आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शिक्षण हा विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे अशा खर्चासाठी मान्य असलेल्या विषयांच्या यादीत, आहे, आणि कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. म्हणून मुंबईतील मोठ्या नावांना पत्रे पाठवण्याआधी आपल्या तालुक्यातील औद्योगिक वसाहत पाहावी. चाकण, बुटीबोरी, वाळूज किंवा लोटे परशुराम येथे कारखाना असलेल्या कंपनीला आसपासच्या पंचवीस शाळांचा प्रश्न जितका जवळचा वाटेल, तितका दूरच्या कंपनीला वाटणार नाही. या कंपन्या शाळांना संगणक, बाके आणि रंगरंगोटी आनंदाने देतात, कारण त्या वस्तूंवर नाव लिहिता येते. शिक्षकांच्या बैठकींवर नाव लिहिता येत नाही, आणि आपल्याला ओलांडायची खरी अडचण हीच आहे.

परदेशातील देणगीच्या फंदात नव्या गटाने पडू नये. परकीय योगदान नियमन कायदा 2010 नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी निधी घेता येत नाही, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही तो दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांची गोष्ट वेगळी आहे. तेथील राष्ट्रीय शिक्षक संघटनेशी (एनईए) संलग्न असलेल्या एनईए फाउंडेशनकडून संघटनेच्या सभासदांना एकट्याने शिकण्यासाठी आणि सहकाऱ्यांसह अभ्यासगट चालवण्यासाठी थेट अनुदान मिळू शकते, आणि जे शिकले ते सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवणे ही त्याची अट असते. ही अट आपल्या प्रस्तावात आपणहून घालून घ्यावी.

पैसे कोणाच्या खात्यावर येणार

प्रस्ताव उत्तम असूनही येथे अनेकांचे घोडे अडते. कंपनी शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे देत नाही, आणि शिक्षकानेही ते घेऊ नयेत. कंपनीपुढे सामान्यतः दोन मार्ग असतात : स्वतः थेट खर्च करणे किंवा अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेमार्फत करणे. दुसऱ्या मार्गासाठी ती संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी असावी लागते, तिच्याकडे 12ए आणि 80जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आयकर नोंदण्या असाव्या लागतात, आणि 1 एप्रिल 2021 पासून तिने सीएसआर-1 हा अर्ज भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडून नोंदणी क्रमांक घेतलेला असणे आवश्यक आहे. शिवाय कंपनीने किंवा शासनाने स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.

या शेवटच्या अटीमुळे अभ्यासगटाने उत्साहाच्या भरात धर्मादाय आयुक्तांकडे स्वतःचा न्यास नोंदवण्यात काहीच हशील नाही. पहिली तीन वर्षे त्याचा या कामासाठी उपयोग होणार नाही, आणि वार्षिक लेखापरीक्षणाचा, न्यासातील बदल कळवणाऱ्या अर्जांचा व्याप मात्र पहिल्या दिवसापासून मागे लागेल. त्यापेक्षा जिल्ह्यात शिक्षणात काम करणारी, या सर्व नोंदण्या असलेली एखादी जुनी संस्था शोधावी आणि तिच्याशी लेखी करार करावा. करारात रक्कम कोणत्या टप्प्यांत मिळेल, खर्चाला मंजुरी कोण देईल, संस्था व्यवस्थापनापोटी किती टक्के ठेवील आणि तयार झालेल्या साहित्यावर कोणाचे नाव असेल, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. व्यवस्थापन खर्चाची टक्केवारी विचारताना संकोच करू नये. भले लोकही हा विषय टाळतात आणि पुढे त्यावरूनच बिनसते. खाजगी अनुदानित शाळेची संचालक संस्था मुळातच न्यास असते, त्यामुळे तिच्याकडे या नोंदण्या आहेत का, हे आधी कार्यालयीन अधीक्षकांना विचारावे.

परवानगीचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या सेवेतील शिक्षकांना वर्तणूक नियम लागू असतात, आणि वर्गणी किंवा निधी गोळा करण्यासाठी पूर्वमंजुरी लागते. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना रीतसर पत्र द्यावे, त्यात बैठकीचे दिवस, शाळांची नावे आणि अध्यापनाचा वेळ बुडणार नाही याची हमी लिहावी, आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकीत विषय मांडून ठराव घेतला, तर ‘मास्तर शनिवारी कुठे जातात’ या प्रश्नाला गावातूनच उत्तर मिळते. ठरावाची प्रत प्रस्तावाला जोडावी.

प्रस्ताव आणि अंदाजपत्रक

प्रस्ताव चार पानांपेक्षा मोठा करू नये. पहिल्या पानावर वहीतील चूक, तिची मोजणी आणि गटातील शाळा, दुसऱ्यावर वर्षभराच्या बैठकींचे वेळापत्रक, तिसऱ्यावर अंदाजपत्रक, चौथ्यावर बदल कसा तपासणार याचे वर्णन, एवढे पुरे होते. मुलांच्या एका वहीच्या पानाचे छायाचित्र, नाव झाकून, अवश्य जोडावे. ते पाहून कंपनीचा अधिकारी स्वतः ते गणित मनात सोडवू लागतो, आणि मग पुढची पाने वाचतो.

अंदाजपत्रकात प्रत्येक रकमेमागचा गुणाकार दिसला पाहिजे. उदाहरणादाखल, पंधरा शिक्षकांच्या वर्षातील दहा बैठकी धरल्या, तर प्रवासखर्च प्रत्येकी 100 रुपयांप्रमाणे 15,000, चहा व जेवण 80 रुपयांप्रमाणे 12,000, साधनव्यक्तीच्या (बाहेरून येणाऱ्या मार्गदर्शकाच्या) तीन भेटी प्रत्येकी 3,000 प्रमाणे 9,000, संदर्भपुस्तके 8,000, छपाई व झेरॉक्स 5,000, नोंदींचे संकलन व पुस्तिका 6,000 आणि लेखापरीक्षण 3,000, असे एकूण 58,000 रुपये होतात. दर अर्थातच आपापल्या भागाप्रमाणे बदलतील; घाटमाथ्यावरच्या किंवा मेळघाटातील शाळांना 100 रुपयांत येणे-जाणे शक्य नाही. प्रवास आणि जेवणाची रक्कम पाहून निधी देणारा कपाळाला आठी घालतो, म्हणून त्याखाली एक वाक्य लिहावे : शिक्षक सुटीचा दिवस मानधन न घेता देत आहेत, सभागृह शाळेचे आहे आणि हा त्यांचा वाटा आहे. ‘इतर खर्च’ हे शीर्षक ठेवू नये. प्रोजेक्टर किंवा लॅपटॉप मागण्याचा मोह आवरावा, कारण यंत्र मंजूर होते आणि बैठकींची रक्कम कापली जाते, असेच बहुधा घडते.

वेळेचे गणितही नीट जुळवावे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि कंपनीचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, त्यामुळे जूनमध्ये मागितलेला निधी दिवाळीनंतर हाती आला तर निम्मे वर्ष संपलेले असते. अनेक कंपन्यांचे पुढच्या वर्षाचे नियोजन जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होते. प्रस्ताव तेव्हाच पोहोचलेला असावा. काम एकापेक्षा अधिक वर्षांचे असल्यास ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी मागावी. अशा प्रकल्पाची अखर्चित रक्कम कंपनीला वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत त्याच प्रकल्पावर वापरता येते, त्यामुळे मार्चअखेरीस घाईघाईने पुस्तके विकत घेण्याची वेळ येत नाही.

मंजुरीनंतरची कामे

पहिला हप्ता येण्यापूर्वीच एक फाइल उघडावी. तीत प्रत्येक बैठकीचे हजेरीपत्रक, एका पानाचे इतिवृत्त आणि मूळ बिले क्रमाने लावावीत. रिक्षा किंवा वडाप यांची पावती मिळत नाही, त्यासाठी सही असलेले व्हाउचर चालते का, हे भागीदार संस्थेच्या सनदी लेखापालांना आधीच विचारून ठेवावे. इतिवृत्तात ‘खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा संपन्न झाली’ असे लिहिण्याऐवजी कोणता पाठ पाहिला, मुले कुठे अडली आणि पुढच्या वेळी काय बदलायचे ठरले, हे लिहावे. अंतिम अहवाल याच पानांतून तयार होतो आणि वर्षअखेरीस आठवून आठवून लिहिण्याचा त्रास वाचतो. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब भागीदार संस्थेकडून कंपनीला जातो, त्याची एक प्रत गटाकडे आणि एक गटसाधन केंद्रात ठेवावी.

फेब्रुवारीत सुरुवातीचीच वजाबाकीची गणिते, आकडे बदलून, त्याच शाळांत पुन्हा द्यावीत आणि आलेले निष्कर्ष जसेच्या तसे कळवावेत. पाचपैकी दोन शाळांत काहीच फरक पडला नसेल, तर तेही लिहावे आणि त्या दोन शाळांत वर्षात किती पाठ प्रत्यक्ष पाहिले गेले, याचा आकडा शेजारी द्यावा. पुढच्या वर्षाचा प्रस्ताव बहुतेकदा त्या आकड्यापासूनच सुरू करता येतो, आणि तो अहवालासोबत त्याच लिफाफ्यात पाठवावा.